भरमाचं सूत

भरमा मेत्री सुतात बोलायचा. सुतारकाम करणाऱ्याने सुतात मोजावं यात नवल नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे हुबळीतल्या कुठल्याही फर्निचरच्या दुकानात पहिल्याच दिवशी कळतं. पण भरमाचं सूत लाकडापाशी थांबत नसे. आमटीत मीठ कमी पडलं तर ते सूतभर कमी पडायचं. शेजारच्या चंद्रभागाबाईंचा जावई त्याला 'दोन सूत वाकडा' वाटायचा आणि हे तो चंद्रभागाबाईंना सांगूनही मोकळा झाला होता. लेक गौतमी कंप्यूटरचा डिप्लोमा पास झाली त्या दिवशी मात्र त्याने सूत सोडलं आणि एकदम फुटावर गेला. "बापापेक्षा एक फूट उंच गेली पोरगी," असं तो वस्तीत घरोघर सांगत फिरला. ज्या घरात पेढे पोचले नव्हते तिथे ही बातमी दोनदा पोचली.

मूळचे हे लोक बेळगावकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण पेटलं की दोन्ही. भरमा रायापूरच्या एका फर्निचर कारखान्यात कामाला होता. सपाट काम सगळेच करत. दारावर वेल, कमळ किंवा घराचं नाव कोरायचं असलं की फळी भरमापुढे यायची. धारवाडात त्याच्या हातची दारं बरीच होती. बसने जाताना तो खिडकीपाशी बसे आणि ओळख नसलेल्या शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगे, "त्ये बघा, निळ्या घराचं दार. माझं हाय." शेजारी घराकडे बघेपर्यंत बस पुढे गेलेली असे. भरमाला त्याचं काही वाटत नसे. सांगून झालं, एवढं त्याला पुरे होतं.

वस्तीत नवं विहार उभं राहिलं तेव्हा दारावर लावायचं धम्मचक्र कोण करणार, हा प्रश्नच निघाला नाही. विहाराचा कारभार मुकुंदराव बघत. रेल्वेतून रिटायर झालेले, शिस्तीचे, मनाने चांगले. फक्त गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट विहारातही चाले. त्यांनी कलघटगीकडून सागवानाची एक रुंद, जुनी, पक्की वाळलेली फळी मिळवली. भरमाने मधोमध खिळा ठोकला, दोरीला पेन्सिल बांधली आणि दोन फुटी वर्तुळ ओढलं. मग रोज संध्याकाळी कामावरून आला की विहाराच्या ओट्यावर बसून कोरू लागला. आठ आऱ्यांचं चक्र होतं. दोन आरे आणि धावेचा, म्हणजे बाहेरच्या गोल कड्याचा, पाव भाग झाला. लोक वंदनेला येताना थांबून बघत आणि बोट फिरवून जात.

तेवढ्यात कारखान्यात रंधा मशीनमध्ये त्याचा उजवा हात सापडला.

बोटं तुटली नाहीत. डॉक्टरांनी ती शिवून जागच्या जागी बसवून दिली. पण आतली शीर गेली होती. अंगठ्याला स्पर्श कळेना आणि शेजारची दोन बोटं सांगितलेलं ऐकेनात. जेवणाचा घास कसाबसा जमायचा, पण कोरायची पटाशी धरली की ती हातातून निसटून खाली पडायची. भरमाने ती पुष्कळ वेळा उचलली. मग एके दिवशी हत्यारांची पिशवी बांधून माळ्यावर टाकली. मालक भला माणूस निघाला, त्याने भरमाला प्लाय मापून देण्याच्या कामावर ठेवलं. सहा एमएम म्हणजे दोन सूत, बारा म्हणजे चार सूत, अठरा म्हणजे सहा सूत. दिवसभर हेच. बसमध्ये तो आता खिडकीपाशी बसेनासा झाला.

सागवानाची फळी विहारातच राहिली, कोपऱ्यात भिंतीला टेकून, वर एक चादर. वंदनेला भरमा अशा जागी बसायचा की ती दिसू नये. दुर्गव्वाला, त्याच्या बायकोला, हे कळत होतं. ती बोलली नाही. तिने न बोलण्याचे प्रसंग फार कमी येत, म्हणून सांगायचं.

अशी काही वर्षं गेली. दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेऊ या का, असं मुकुंदरावांनी दोनदा हळूच विचारलं. भरमा दोन्ही वेळा "थांबा की जरा" म्हणाला. कशासाठी थांबायचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी एका सभेत मुकुंदराव उभे राहिले. "येत्या बुद्धपौर्णिमेला दारावर चक्र लागायला पाहिजे. आता फायबरची मिळतात. रंगबिंग देऊनच येतात. भरमा, तुझ्यावर राग नाही रे. पण दार किती वर्षं तसंच ठेवायचं?" सगळ्यांनी माना डोलवल्या. भरमानेही डोलवली. घरी येऊन मात्र तो जेवला नाही. "फायबरचं लागलं की त्या फळीचं काय करतील?" एवढंच त्याने विचारलं. दुर्गव्वा म्हणाली, "बाक करतील, नायतर शेल्फ." तिने खरं तेच सांगितलं होतं, पण ते त्याला फार लागलं.

मशीनची गोष्ट इथून सुरू झाली. रायापूरला शेजारच्या कारखान्यात दारं कोरायचं मोठं मशीन आलं होतं. भरमा जेवणाच्या सुट्टीत जाऊन ते बघत उभा राही. राउटर, म्हणजे गरगर फिरणारं कोरायचं पातं, आपला आपण पुढे जातो, वळतो, खाली उतरतो आणि लाकडातून पान उमटतं. धरायला माणसाचा हात नाही. सगळ्यांना त्याची भीती वाटत होती. भरमाला मात्र पहिल्यांदाच वाटलं की हात नसला तरी चालतं म्हणजे माझंही चालेल. त्याने गौतमीला विचारलं, "आपल्याला करता येईल काय गं असलं?" ती तेव्हा धारवाडच्या एका कंप्यूटर क्लासमध्ये शिकवत होती. ती "काहीतरीच काय अप्पा" म्हणेल असं त्याला वाटलं होतं. ती दुसऱ्या दिवशी नेटवरून चित्रं छापून घेऊन आली. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी घरच्या घरी, ड्रॉवरचे सरकते चॅनेल आणि जुन्या प्रिंटरच्या मोटारी लावून असली मशीनं केली होती. भरमाने चित्रं बघितली आणि म्हणाला, "चॅनेल तर मी डोळं मिटून लावतो."

पुढचे काही महिने घराची बाहेरची खोली घराची राहिली नाही. लोखंडी अँगल हॅक्सॉने कापायचे, कानशीने घासायचे, हातड्रिलने भोकं पाडायची. भरमाचा उजवा हात कानशीवर नुसता ठेवलेला असायचा, रेटा डाव्याचा. अठरा एमएमच्या प्लायचा पाट, त्याच्या दोन्ही बाजूंना चॅनेल, वर आडवा पूल, पुलावर राउटर. मोटारी भंगारवाल्याकडच्या मेलेल्या प्रिंटरमधल्या. क्लासने टाकून दिलेला कंप्यूटर गौतमीने मागून आणला. तारांचं काम तिचं, लोखंडाचं त्याचं. आल्यागेल्याला बसायला जागा उरली नाही. "मांडव घातलाय जणू," दुर्गव्वा म्हणायची, "लगीन कुणाचं, त्ये तेवढं सांगा." आणि मग स्वतःच वायरी बाजूला करून झाडून घ्यायची.

मोटार फिरली की राउटर सरकला पाहिजे. त्यासाठी आटे पाडलेला लांब रॉड लागतो. रॉड एक फेरा फिरला की नट एका आट्याइतका पुढे जातो. तसले दोन रॉड हवे होते, एक उभ्या चालीला, एक आडव्या. भरमा दुर्गदबैलच्या बाजारात गेला. हातगाड्यांतून वाट काढत ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे पोचला. एक रॉड जुन्या इंची आट्याचा मिळाला, इंचात आठ आटे. म्हणजे एका फेऱ्याला बरोबर एक सूत. भरमा खूश झाला. दुसरा तसला नव्हता. दुकानदाराने नव्या एमएमच्या आट्याचा काढून दिला, एका फेऱ्याला तीन एमएम. "एरडू ओंदे, अण्णा," तो म्हणाला. दोन्ही एकच. "सूत अंदरे मूरु एमएम." सूत म्हणजे तीन एमएम. भरमाने मान हलवली. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, दिवसभर तो तेच तर बोलत होता.

घरी गौतमीने विचारलं, "अप्पा, एका फेऱ्याला किती पुढं जातंय?"

"एक सूत."

"कंप्यूटरला सूत कळत न्हाई. एमएममध्ये सांगा."

"तीन."

"दोन्ही रॉड?"

"दोन्ही."

तिने दोन्हीकडे तीन लिहिलं.

पहिलं चक्र टाकाऊ प्लायवर काढायचं ठरलं, ताटाएवढं, दहा इंचाचं. दहा इंच म्हणजे ऐंशी सूत, ऐंशी सूत म्हणजे दोनशे चाळीस एमएम. भरमाने तोंडी हिशेब केला आणि गौतमीने तो आकडा घातला. राउटर घरघरत फिरला, भुसा उडाला. चंद्रभागाबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या. मशीन थांबल्यावर दुर्गव्वाने फडक्याने प्लाय पुसला आणि मान तिरकी करून बघितलं.

"अवो, ह्ये तर अंडं हाय," ती म्हणाली. "कोंबडी कुठं ठिवलीसा?"

चंद्रभागाबाई खो खो हसल्या. भरमा हसला नाही. अंडंच होतं. उभं लांब, आडवं कमी.

मग त्याने मशीनची उलटतपासणी सुरू केली. गुण्या लावून कोपरे बघितले, काटकोन पक्के. चॅनेल खोलून पुन्हा बसवले, पुन्हा अंडं. मग फुटपट्टीने मोजलं. उभं मोजलं तर दहा इंच, अगदी रेघेवर रेघ. आडवं मोजलं तर साडेनऊलाही अर्धं सूत कमी! झालं, चोर सापडला. दहा मागितल्यावर दहा देणारा जुना रॉड इमानी, आणि नवा एमएमवाला खोटा. भरमाने नव्या रॉडचा नट काढून घासला. मग रॉड खांद्यावर टाकून थेट दुर्गदबैल गाठलं आणि दुकानदाराशी कन्नडमध्ये मनसोक्त भांडला. दुकानदाराने चहा पाजला आणि दुसरा रॉड बदलून दिला. त्यानेही तसंच अंडं घातलं. दोन्ही रॉड आपापल्या जागी नीट फिरत होते, पण एकमेकांशी त्यांचं सूत काही जमेना.

गौतमीने दोन दिवस कंप्यूटरमधले आकडे तपासले. मग म्हणाली, "अप्पा, एक विचारू? सूत म्हणजे नक्की तीनच काय?"

भरमाने पोरीवर आवाज चढवल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. "बापाला सूत शिकवालीस?" तो ओरडला. "तुझ्या जन्माच्या आधीपासनं मोजतोय मी!" ती कंप्यूटर बंद करून आत गेली. भरमा अंड्याकडे बघत बसला. हात गेला तेव्हा निदान डोळे आणि माप आपलं आहे, एवढा आधार त्याला वाटत होता. आता पोरगी त्यालाही हात घालत होती, आणि पौर्णिमा जवळ येत होती. मुकुंदरावांनी फायबरवाल्याला फोन केल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

दुर्गव्वा घरी शिलाई करायची. चक्र दारावर चढेपर्यंत त्यावर पंचशील रंगांचं कापड असावं म्हणून ती त्याची खोळ शिवणार होती. फायबरचं असो की लाकडाचं, खोळ लागणारच, असा तिचा रोकडा विचार. हात बसावा म्हणून आधी छोटी करून बघू, असं म्हणत तिने दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यातला टेप काढला आणि अंड्यावर उभा धरला.

"पंचवीस आन् वर जरा," ती पुटपुटली.

"काय पंचवीस?" भरमा दाढी करता करता म्हणाला. "दहा हाय त्ये. दहा इंच."

"मी उलट्या बाजूनं धरलाय. शेंटीमीटरची बाजू."

"मग चोवीस म्हण. दहा इंच म्हणजे चोवीस."

"चोवीस कुठलं? बघा की. पंचवीसच्या फुडं चार रेघा."

"टेप खेचलास तू."

"खेचला न्हाई, काय न्हाई." दुर्गव्वाने टेप हवेत ताणला आणि त्याच्यासमोर धरला. एका बाजूला दहा इंचाची रेघ. तिने टेप उलटा केला. त्याच रेघेच्या मागे पंचवीस, आणि वर चार रेघा. आता अंडंही नव्हतं, मशीनही नव्हतं. नुसता टेप होता, तिच्या लग्नाआधीपासूनचा, कडा झिजलेला.

भरमा अर्ध्या गालावर फेस घेऊन उभा राहिला. दहा इंच म्हणजे ऐंशी सूत. ऐंशी सूत म्हणजे दोनशे चाळीस, हे कोण म्हणत होतं? तो म्हणत होता. टेप दोनशे चोपन्न म्हणत होता. ऐंशी सुतांत चौदा एमएम कुठे गेले? प्रत्येक सुतातून थोडे थोडे गेले. सूत तीन एमएमचं नव्हतंच, तीनच्या वर जरासं होतं, आणि ते जरासं सगळ्या बाजाराने मिळून कधी धरलंच नव्हतं. नवा रॉड खरा होता. जुना रॉडही खरा होता, तो बिचारा एका फेऱ्याला एक सूत चालत होता. खोटा होता तो भरमाने सांगितलेला आकडा.

कितीतरी दारं, कपाटं, चौकटी त्याने केल्या होत्या. मग त्यातलं एकही दार अडलं कसं नाही? हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. दार तो चौकटीवरून मापायचा आणि फळी फळीवरून. इंचाला इंच भेटायचा, एमएमला एमएम. दोघांची समोरासमोर गाठ कधी पडलीच नव्हती. ती या मशीनवर पहिल्यांदा पडली. हे समजल्यावर त्याला थोडं बरं वाटलं, पण काल पोरीवर ओरडलो ते काही बरं वाटेना.

गौतमी क्लासला निघाली होती, पायात चप्पल घालत होती. भरमा तसाच दारात गेला.

"गौतमी, तुझं बरोबर हुतं," तो म्हणाला. "माझं सूत खोटं निघालं. वरडलो, चुकलं माझं."

तिने बापाच्या फेसाळ गालाकडे बघितलं. तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. "अप्पा, खोटं न्हाई. जरा आखूड," ती म्हणाली, आणि चप्पल काढून परत आत आली. त्या दिवशी क्लासला तिने उशीर केला. जुन्या रॉडच्या तीनच्या जागी तीन पॉइंट एक सात पाच लिहिलं, एवढंच काम होतं. पुढच्या प्लायवर चक्र उमटलं तेव्हा दुर्गव्वाने स्वैपाकघरातलं ताट आणून वर ठेवलं. चारी बाजूंना सारखी कड राहिली.

मग भरमा मुकुंदरावांकडे गेला आणि विहारातली फळी मागितली. "त्याच फळीवर?" मुकुंदराव चमकले. "ती फुकट गेली तर? नवी फळी घे हवी तर, मी बघतो."

"त्याच," भरमा म्हणाला. "जिथं थांबलो तिथनं फुडं."

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. फायबरवाल्याला ते काय म्हणाले कुणास ठाऊक, पण त्यांनी फळी दिली.

रविवारी सकाळी हातगाडीवर घालून मशीन विहाराच्या ओट्यावर नेलं. पुष्कळ लोक जमले. भरमाने काही वर्षांपूर्वीचं खिळ्याचं भोक शोधलं आणि राउटरचं टोक नेमकं त्यावर आणून थांबवलं. मशीनचंही चक्र तिथूनच फिरणार होतं. यात लपवायला जागा नव्हती. पाव भाग हाताने कोरलेला समोर होता. मशीनने उरलेलं कोरत येऊन त्याच्या दुसऱ्या टोकाला बरोबर मिळायला हवं होतं. अर्ध्या बोटाने जरी हुकलं तरी तो सांधा दारावर कायम सगळ्यांना दिसणार होता, आणि दुसरी फळी घ्यायची नाही हे भरमाने मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

राउटर खाली उतरला. पहिला थर अगदी वरवरचा. भरमाच्या पटाशीने जिथे काम सोडलं होतं तिथून तो निघाला. सागवानाचा वास सुटला. धाव वळत गेली, खाली आली, पलीकडून वर चढू लागली. भरमाने बघितलं नाही. तो बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि नुसता आवाज ऐकत राहिला. मग मागून मुकुंदराव म्हणाले, "भरमा, मिळालं रे."

पुढचे थर, मग आरे, असं करत दुपार झाली. मशीन थांबलं, भुसा झाडला. चक्र पुरं होतं. मुकुंदरावांनी सगळीकडून बघितलं आणि म्हणाले, "आता पॉलिश पेपर मार सगळीकडून. म्हणजे हाताचं कुठलं, मशीनचं कुठलं, कळायचंच नाही."

भरमाला ते पटलं. त्याने पेपर हातात घेतलाही. मग सवयीने उजवा हात धावेवर टेकवला. अंगठ्याला काहीच कळलं नाही, लाकूड आहे एवढंसुद्धा नाही. त्याने पेपर खाली ठेवला.

"दुर्गव्वा," त्याने हाक मारली, "जरा हात फिरवून बघ."

ती पदराला हात पुसत आली. तांदळातले खडे न बघता वेचणारी तिची बोटं. तिने डोळे मिटले आणि धावेवरून सावकाश फिरवत आणली. एका जागी थांबली. थोडी मागे नेली, पुन्हा पुढे आणली.

"हितवर बारीक खुणा लागत्यात," ती म्हणाली. "पटाशीच्या. हितनं फुडं गुळगुळीत हाय. हितं तुमचा हात थांबला हुता."

"सांध्यात फरक किती हाय?"

"सूतभरबी न्हाई."

"कुठल्या सुतानं?" भरमाने विचारलं. "माझ्या, का टेपच्या?"

दुर्गव्वाने डोळे उघडले. त्याचा उजवा हात धरला आणि त्या सांध्यावर नेऊन ठेवला.

"दोन्हीनं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसंच. पेपर मारू नका."